रफूवालीचं तात्पर्य

व्यायामोपचाराच्या दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या सुताराच्या कानावर शेजारी वही उघडून गृहपाठ करत बसलेल्या भाचीचं आणि तिच्या मावशीचं बोलणं पडत होतं.

“मावशी, धड्यातल्या ग्रीक मुलीने पैजेवर देवीपेक्षा सरस कापड विणलं. देवीने चिडून तिला आठ पायांचा कोळी केलं. तात्पर्य, गर्व करू नये.”

“विणीत खोट होती?”

“एकही नाही.”

“मग गर्व कसला? चाळीस वर्षं रफू केलं मी. शोधून दाखवा, असं गिऱ्हाइकांना छातीठोक सांगायचे.”

“शिक्षा झालीच ना पण तिला!”

“कोळी झाल्यावर काय केलं तिने?”

“विणत राहिली.”

“हे लिही वहीत. आणि सुई ओवून दे.”

“अगं, उजवा हात हलत नाही तुझा!”

“डावा आहे ना? अहो दादा, तुमची बाही फाटलीये. करा इकडे.”

सुताराने हात पुढे केला.