चतुर उडेपर्यंत

न्हाय, घरात न्हाईत ते — ह्या वेळेला असतात का कधी? उजाडायच्या आत गेलेत कॅमेरा घेऊन. बसा खाटेवर, सुकटीचा वास सोसत असेल तर. ठाण्यास्नं आलात? आमच्या म्हाताऱ्याचे फोटो बघून? — किड्यांचे? प्रदर्शनात लावायला? बरा वेळ हाय तुम्हाला!

काय बघायचं त्यात? मुंगी हाय, टोळ हाय, अंगावर दंव पडलंय — पडणारच, थंडीत माझ्या वाळत घातलेल्या लुगड्यावर पण पडतंय, त्याचा काढतो का कोण फोटो? कॅमेरा देवेशनं दिला, आमच्या पोरानं — बाबा, नातीचे फोटो काढा म्हणून. नातीचा एक न्हाय! पूर्णा गावातली शेती गोदामाला गेली, पावरलूमची ड्युटी सुटली, मग माणसानं देवळात बसावं, चार माणसांत बोलावं — पण बोलणार कसं, लूमच्या खडखडाटात कान गेले ना. तर हे गवतात पालथे पडतात, बेडकासारखे. म्हणे, सकाळी किडा ओला असतो, गारठलेला, उडता येत न्हाय, तवा तो आपल्याला जवळ येऊ देतो. घ्या! मी काय लांब पळत होते?

गेल्या पौषात तर कहर केला. आमच्याच विकलेल्या शेतात भराव चाललेला. मी ह्यांना चहाला बोलवायला गेले, तर डंपर मागं मागं येतोय आणि हे गवतात आडवे, ऐकू शून्य. ओरडले मी — कुणाला? भिंतीला! मग धावले, डंपरच्या आणि ह्यांच्या मधे उभी राहिले, दोन्ही हात पसरून. ड्रायव्हरनं ब्रेक मारला, "अरे माई, मरना है क्या?" — चाक हे एवढ्यावर, आणि खालनं आवाज येतो, "जानके, हलू नको! मागं तुझं लाल लुगडं झकास दिसतंय."

सांगा आता, काय करावं असल्या माणसाचं?

न्हाय... हलले न्हाय. चतुर होता समोर, गवताच्या पातीवर. ओलाचिंब. ऊन येईस्तोवर उभी राहिले. ड्रायव्हरनं पण इंजिन बंद केलं, बिडी पेटवून बघत बसला — तो दुसरा येडा. मग पंख सुकले, थरथरले, आणि गेला उडून. तवा ह्यांनी मान वर केली, डंपर बघितला. तोंड पांढरंफटक. घरापर्यंत माझा हात सोडला न्हाय — भर रस्त्यात, चारचौघांत, ह्या वयात! लाज म्हणून न्हाय.

तो फोटो? हाय की. पंखावर दंवाचे थेंब, आणि एकेका थेंबात मी — मुंगीएवढी, उलटी, हात पसरलेली. मी म्हटलं, वटवाघूळ दिसते. तर हे बोलले... जाऊ द्या, काय बोलले ते.

न्हाय, दाखवणार न्हाय. तुमच्या प्रदर्शनात बाकीचे किडे लावा सगळे. तो माझा हाय. आणि ते काय ऊन चढल्याशिवाय यायचे न्हाईत — उठा, ती बघा कोन गावाला जाणारी रिक्षा भरतेय. निघा.