यल्लाप्पांचा प्रश्न

(बेळगाव, १९३९. सरकारी दवाखान्याचा व्हरांडा. तपासणीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं.)

गुणाबाई : म्हंजे येडं न्हाय ठरवलं त्यास्नी?

नीला : नाही, गुणाक्का. तुमचे यजमान चांगले शहाणे आहेत, मुंबईहून आलेल्या मोठ्या डॉक्टरसाहेबांनी आत्ताच सांगितलं. बसा आधी.

गुणाबाई : आन् तुमची मुंबईची जागा?

नीला : मिळाली! जूनपासून मेंदूच्या संशोधनाला रुजू व्हायचं. घरी सगळे धरून बसले होते की बाई डॉक्टर झाली म्हणजे बाळंतपणंच करणार. आता बघू दे त्यांना.

गुणाबाई : लई ब्येस झालं, बाई. पन आत काय झालं त्ये नीट सांगा. शिपायानं मला दारातच अडवलं.

नीला : कन्नडमधून विचारा, असं मी साहेबांना आधीच सांगितलं होतं. ऐकतात कसले! दुभाष्यानं मराठीत नाव विचारलं, गाव विचारलं. यल्लाप्पा आपले गप्प. साहेब म्हणाले, या विणकराची बुद्धीच गेली आहे, यात संशोधन कसलं?

गुणाबाई : मग वो?

नीला : मग मी कन्नडमधून विचारलं. धडाधड उत्तरं दिली. शहापूरचा माग, लुगड्याचे काठ, हुबळीचे व्यापारी, सगळं.

गुणाबाई : त्ये येतंयच की. त्या व्यापाऱ्यांत जल्म गेला त्यांचा.

नीला : साहेबही तेच म्हणाले. जन्मभराची सवय आहे, पोपटपंची नुसती. आणि अशा रोग्यांवरचा माझा निबंध मिटून बाजूला ठेवला. दोन वर्षं राबले होते मी त्यावर. तेवढ्यात यल्लाप्पांनीच उलट साहेबांना प्रश्न विचारला.

गुणाबाई : काय इचारलं?

नीला : आधी मला सांगा, घरी तुम्ही त्यांच्याशी बोलता का?

गुणाबाई : बोलत व्हते की. ह्यो अर्धांगाचा झटका आला, तवापासनं मी जेवाय वाढू का म्हनून इचारायची आन् ह्ये कन्नडमदनं कायतरी बोलायचे. मी हितल्याच येळ्ळूर गावची, बाई. कन्नड मलाबी येतं, बाजारात बोलतोच आमी. पन आमच्या उंबऱ्याच्या आत मराठीच. गिऱ्हाइकासंगट बोलावं तसं माझ्यासंगट बोलाय लागले. परकी केली मला. मग मीबी तोंड बंद केलं.

नीला : मेंदूचा तेवढा भाग दुखावला आणि त्यात मराठी गेली, कन्नड राहिली. मी सांगितलं होतं तुम्हाला.

गुणाबाई : सांगितलासा. मला पटलं न्हाय. आईची भाषा कुनी इसरतंय व्हय? मला वाटलं, मुद्दाम करत्यात.

नीला : तुम्ही मराठीत काय बोलत होता, ते त्यांना कळतच नव्हतं, गुणाक्का.

गुणाबाई : प्रश्न सांगा, बाई.

नीला : म्हणाले, साहेब, तुम्ही मोठे डॉक्टर. माझी बायको माझ्यावर कशानं रागावली, तेवढं शोधून सांगा.

गुणाबाई : आसं इचारलं?

नीला : मी इंग्रजीत सांगितलं आणि साहेब उठत होते ते परत खुर्चीत बसले. म्हणाले, पोपट हे विचारत नाही. माझा निबंध आता ते स्वतः विलायतेला पाठवणार आहेत. जिंकलो आपण! अहो, रडता काय?

गुणाबाई : रडू द्या. यवढा शाना मानूस घरात, आन् मी भिताडाकडं तोंड करून बसले.

नीला : मराठीही येईल थोडी थोडी, मला आशा आहे. तोवर उंबऱ्याच्या आत कन्नड चालेल ना?

गुणाबाई : चालंल का म्हनून काय इचारताय? सरा बाजूला, मला दारातनं हाक मारू द्या. अवो, मनीगे होगूण बर्री! घरला चला म्हटलं त्यास्नी.

नीला : ऐकलं त्यांनी. बापरे, केवढ्यानं बोलतायत.

गुणाबाई : इतकं दीस कुठं व्हतीस, म्हनून डाफराय लागल्यात. डाफरू द्या, बाई. त्यांचा हक्कच हाय.