गाणं बंद केलं की

(कुरुंदा, २००९. रूपसिंग शेठचा हळद निवडायचा कारखाना. मशीन थांबलेली. ती दुरुस्त करायला आलेली पल्लवी.)

पल्लवी : पाहिलं न्हवं शेठ? गाणं लावलं की खडे हळदीत. गाणं बंद केलं की मशीन बराबर.

रूपसिंग : पुण्याचा इंजिनिअर तीनदा येऊन गेला. त्याला कसं न्हाई दिसलं?

पल्लवी : तो आला की तुमी आदबीनं गाणं बंद करत होते.

रूपसिंग : पण गाण्याचा अन् मशीनचा काय संबंध, पोरी?

पल्लवी : दोन्ही एकाच कॉम्प्युटरवर. आत दोन कोर हायेत, म्हणजे काम करणारे दोघं समजा. लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटरचा मुकादम समजा, कुणालाबी कुठलंबी काम लावतं. मशीन सांभाळणाऱ्यावर मधीच गाणं येऊन पडलं, की कॅमेऱ्याला खडा दिसतो, पण हवेचा फटका उशिरा बसतो. खडा जातो पुढं, चांगली हळद उडते.

रूपसिंग : मग गाणं बंदच ठेवतो की.

पल्लवी : ठेवा. उद्या फोटो पाहाल, काही छापाल, तवाबी चुकंल. एक कोर वेगळा काढावा लागतो. त्यावर फक्त मशीनचं काम, दुसरं कायबी न्हाई. दोन ओळी लिहायच्या, कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा.

रूपसिंग : मग लिही ना. परवा गाडी भरायची हाये.

पल्लवी : लिहिते. आधी गेटजवळ उभ्या माणसाला आत बोलवा. पुंजाजी.

रूपसिंग : तो बेवडा? काहून?

पल्लवी : दोन साल या मशीनवर होता. हात जोडून सांगत होता, शेठ, गाणं बंद केलं की मशीन बराबर चालते. तुमी, पिऊन बडबडतो म्हणत, कामावरच्या सगळ्या बायांसमोर त्याचं तोंड हुंगलं अन् हाकललं.

रूपसिंग : तू त्याची कोण?

पल्लवी : लेक. माझ्या बापानं कधी थेंब घेतला न्हाई. आता गावातली लेकरंबी बेवडा म्हणतात. साल झालं, या मशीनच्या दुरुस्तीचं बोलावणं यायची मी वाट पाहून राहिले.

रूपसिंग : झालं गेलं सोड. परत कामावर घेतो त्याला.

पल्लवी : काम नको. त्याच बायांना बोलवा, त्यांच्यासमोर बोला.

रूपसिंग : माझी काय इज्जत राहील?

पल्लवी : त्याची राहिली तेवढी.

रूपसिंग : ...या गं बायांनो, सगळ्या इकडं या. पुंजाजी, तूबी ये. हे पाहा, चूक जरा...

पल्लवी : मोठ्यानं, शेठ. त्या दिवशी मोठ्यानं बोलले होते.

रूपसिंग : चूक माझी होती. पुंजाजी प्यायलेला नव्हता.

पल्लवी : घ्या, लिहिल्या ओळी. चालू झाली मशीन. चला बाबा.

पुंजाजी : थांब जरा. शेठ, ते गाणं लावा. दोन साल अर्ध्यातच बंद करा म्हणत होतो.