बरणीतली दुसरी चिठ्ठी

अरविंदकाका, इरा, आणि सुलभाताईंच्या आठवणीसाठी नॉटिंगहॅमच्या या हॉलमध्ये जमलेल्या सगळ्यांनो,

मी बोलणार नव्हते. आठवडाभर वहीत लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. आज सकाळी इराचा फोन आला, "मावशी, तू बोल ना. माझा मराठी मधेच तुटेल." तिला नाही म्हणवेना. पण मला जे सांगायचंय ते सांगताना माझीही तुटेल. सांभाळून घ्या.

सुलभाताई इथल्या युनिव्हर्सिटीत प्राणिशास्त्र शिकवायच्या. मी त्यांच्या लॅबमध्ये असिस्टंट. त्यांचा जीव अडकलेला क्रेफिशमध्ये. क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला, मोठ्या नांग्यांचा, कोळंबीचा जाडजूड भाऊबंद. माझं तिथलं पहिलंच वर्ष होतं. ताई अमेरिकेतल्या ओढ्यांवर जाऊन आल्या आणि स्पिरिटमध्ये ठेवलेले नमुने घेऊन आल्या. त्यांतला एक बाकीच्यांच्या दुप्पट.

"अगं, बघ तरी केवढा!"

"म्हातारा असेल," मी म्हटलं.

त्या हसल्या. "म्हातारा की वेगळा, ते मिशा सांगतील. आपल्या ओळखीच्या जातीच्या मिशा गुळगुळीत असतात. मायक्रोस्कोपखाली बघ."

मी दुपारभर नमुने बघितले. सगळे बघितले, तो सोडून. तो डिशमध्ये मावतच नव्हता. म्हटलं, शेवटी बघू. हो, सगळ्यांत मोठा होता म्हणून बघायचा राहिला.

पाच वाजता ताई कोट घालून दारात. लेकीच्या, इराच्या शाळेत पॅरेंट्स ईव्हनिंग होती.

"मोठ्याच्या मिशा पाहिल्यास?"

"हो."

"गुळगुळीत? नक्की?"

"गुळगुळीत."

मी का खोटं बोलले? नवी नोकरी, व्हिसा, त्यांची घाई. कारणं खूप सापडतात. त्यांतलं एकही पुरत नाही. ताईंनी चिठ्ठीवर ओळखीच्या जातीचं नाव लिहिलं, खाली स्वतःचं. चिठ्ठी बरणीत गेली, बरणी कपाटात.

पुढे बऱ्याच वर्षांनी बातमी आली. अमेरिकेतल्याच एका ओढ्यात, एका मोठ्या दगडाखाली, दोघा संशोधकांना नवी जात सापडली होती. नेहमीच्या दुप्पट आकार, आणि मिशांवर लव. ताईंनी फोटो पाहिला. कपाट उघडलं. बरणी उजेडात धरली. मायक्रोस्कोप लागलाच नाही. लव नुसत्या डोळ्यांना दिसत होती.

टी रूममध्ये गोष्ट पसरली. एक सहकारी म्हणाला, "सुलभा, एवढं धूड तुझ्या कपाटात होतं, आणि तू आम्हाला बारकेच दाखवत होतीस?" सगळे हसले. ताईही हसल्या. म्हणाल्या, "चष्मा वेळेवर बदलायला हवा होता." मी तिथेच होते. चहाचा मग विसळत होते. विसळलेला मग पुन्हा विसळला.

मंडळी, तो शोध त्यांचा होता. आयुष्यभर त्या दगड उचलत आल्या, आणि जे हवं होतं ते त्यांच्या हाती आधीच आलेलं होतं. ते माझ्या एका शब्दाने गेलं.

त्या संध्याकाळी कार पार्कमध्ये मी सुरुवात केली, "ताई, त्या दिवशी मी..." त्यांनी मफलर घट्ट केला. "जाऊ दे गं. गारठा बघ किती आहे." त्यांना आठवत होतं? मला वाचवायला थांबवलं? की खरंच थंडी होती? वहीत मी दोन्ही लिहून ठेवलंय. ज्या दिवशी जे सोयीचं, ते वाचते.

मग त्यांचं आजारपण. शेवटच्या दिवसांत हॉस्पिसमध्ये मी तीनदा गेले. सूप, बसचं बदललेलं टाइमटेबल, बाहेरचा पाऊस यांवर बोलून आले.

ती बरणी आता संग्रहालयात जायची आहे. आमच्या कामात एक रीत आहे. चुकीची चिठ्ठी काढून फेकत नाहीत. ती तशीच राहते, आणि दुरुस्तीची दुसरी चिठ्ठी तिच्या शेजारी घालतात. म्हणजे शंभर वर्षांनी कुणी बरणी उघडली, तर ताईंच्या हातची चूक त्याला दिसणार. म्हणून काल मी दुसरी चिठ्ठी लिहिली. अरविंदकाका, तुम्ही ताईंचे यजमान, म्हणून बरणीत घालण्याआधी ती तुम्हाला वाचून दाखवायची होती.

"पहिली ओळख असिस्टंटच्या सांगण्यावरून. असिस्टंटने नमुना तपासला नव्हता." खाली माझं नाव आहे, पूर्ण.

इरा, तुझ्या आईच्या नजरेतून काही सुटलं नव्हतं. तिला शंका आली होती. दारात कोट घालून उभी असताना, तुझ्या शाळेला उशीर होत असताना, तिने दोनदा विचारलं होतं.

याच्यापुढे मला बोलता येणार नाही. आपण सगळे उभे राहू या. घड्याळ कुणी बघू नका. अरविंदकाका बसतील, तेव्हा आपण बसू.