मागच्या सीटवर मी बसत नाही

मी मूळची आर्वीची, वर्धा जिल्ह्यातली. आमच्याकडे बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा, नाही तर लग्नात पाण्याच्या ड्रमात टाकायची लादी, एवढाच. वडील शाळेत शिपाई, आम्ही तिघी बहिणी. मी नागपूरले नर्सिंग केलं, तिथंच दवाखान्यात लागली, पर्मनंट झाली. मग लग्न झालं. मिस्टर गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, त्यांचं मिशिगनमध्ये काम निघालं, अन् मी लागलेली नोकरी सोडून तिथल्या ट्रॉय गावाले आली. व्हिसावर मले काम करता येत नव्हतं. काय सांगू तुम्हाले, ती वर्षं कशी काढली. हे सकाळी निघून जायचे, पोरगी शाळेत, अन् मी खिडकीतून पांढरं पाहात बसायची, नोव्हेंबरपासून एप्रिल येईपर्यंत. गाडी शिकली तरी बर्फात चालवायची नाही म्हणून ह्यांची ताकीद. सोडायला हे, आणायला हे.

ग्रीन कार्ड आलं तोवर इथली नर्सिंगची परीक्षा द्यायची उमेद उरली नव्हती, म्हणून मग एका नर्सिंग होममध्ये एड, म्हणजे मदतनीस, म्हणून लागली. म्हाताऱ्या माणसांले उठवायचं, आंघोळ घालायची, खुर्चीत बसवायचं. तिथं डोना भेटली. माझ्याच शिफ्टले, माझ्याच वयाची, तोंडानं फाटकी अन् मनानं सोन्यासारखी. तिच्या माहेरची वर उत्तरेकडे जंगलात एक केबिन आहे, एका हिवाळ्यात आम्हाले घेऊन गेली. मिस्टर ब्लँकेट घेऊन फायरप्लेससमोर बसले ते उठलेच नाहीत. डोनानं मले स्नोमोबीलवर, बर्फावर पळणाऱ्या गाडीवर, मागं बसवलं. पुढं दोन स्कीज, मागं पट्टा, मोटरसायकलसारखं बसायचं. एक चक्कर मारून आणली अन् खाली उतरून म्हणे, आता तू. मी म्हटलं, मले मारतेस का बाई. ती हँडलकडे बोट दाखवून नुसती उभी राहिली.

ते मले नाही सांगता येत. इतकी वर्षं ज्या बर्फाले मी शिव्या देत होती त्याच्यावरूनच मी चालली होती, दोन्ही बाजूले झाडं, अन् मले सोडायला कोणी नाही अन् आणायला कोणी नाही. तेव्हापासून दर हिवाळ्यात जायची. डोनानं नवीन मशीन घेतलं तेव्हा तिचं जुनं माझ्याकडे आलं.

अन् मग पाठ गेली.

ते कसं झालं ते नीट ऐका, कारण नर्सिंग होमवाले सगळे वेगळं सांगतात. एक मोठ्या अंगाचे आजोबा होते, अर्धांग झालेले. त्यांले उचलायला दोन माणसं पाहिजे असा नियम, नाही तर माणूस उचलायचं मशीन. मशीन कधीचं बिघडलेलं, मी स्वतः सुपरवायझरले सांगतलं होतं, ती म्हणे मॅनेज करा. त्या रविवारी माझ्या जोडीची एक पोरगी आली नव्हती अन् तिच्या जागी कोणाले बोलावलंच नव्हतं. आजोबा पलंगाच्या काठावरून घसरून राहिले होते. मी काय करायचं होतं? पाहात उभं राहायचं होतं? मी धरलं. ते पडले नाहीत, पण माझ्या कमरेत काहीतरी तुटल्यासारखं झालं अन् मीच खाली बसली. मग ऑफिसात बोलावून मॅनेजर मले काय विचारते, तर तू एकटीनं काऊन उचललं. एकटीनं! अरे, दुसरी ठेवली होती का तुम्ही तिथं? टेक्निक चुकलं म्हणे माझं. नागपूरपासून माणसं उचलून राहिली मी. अजून आठवलं की माझे कान तापतात, हात लावून पाहा.

ऑपरेशन झालं, नोकरी सुटली. तो हिवाळा पलंगावर गेला. मिस्टरांनी केलं माझं, नाही म्हणत नाही, पोळ्यासुद्धा शिकले. पण त्या दिवसांत सगळ्यांनी मिळून एक ठरवून टाकलं, की शोभाचं आता झालं. इथल्या मराठी मंडळाच्या बायका भेटायला यायच्या, म्हणायच्या, आता भजनाले येत जा, खुर्ची ठेवू तुझ्यासाठी. पोरगी फोनवर म्हणे, आई, प्लीज, जस्ट लेट इट गो. काय लेट इट गो? तुले जन्माले घालायच्या वेळेस मी म्हटलं होतं का लेट इट गो?

व्यायाम करवून घेणारी ती फिजिओथेरपीवाली पोरगीच एक शहाणी निघाली. पुढच्या पानगळीत मी तिले विचारलं, स्नोमोबील चालवू का, तर नाही म्हणाली नाही. म्हणे, चालव, पण ते जुनं नको. त्याच्यावर गुडघे पोटात येतात, वाकून हँडल धरावं लागतं, दोरी ओढून चालू करावं लागतं, अन् रिव्हर्स नाही म्हणून मागून उचलून वळवावं लागतं, म्हणजे पाठीचा सत्यानाशच. ताठ बसता येईल असं घे, धक्के पाठीले लागू न देणारं घे, अन् थोड्या थोड्या वेळानं उतरून चाल.

मग आम्ही दुकानात गेलो. तिथला सेल्समन, तरणाच होता, पाठ माझी, पैसे माझ्या पगारातून साठवलेले, अन् हा बाबा मिस्टरांशी बोलून राहिला. वाईफची हाइट काय, वाईफची पाठ कशी आहे. मी समोर उभी. मी म्हटलं, मले विचार. हो मॅम म्हणाला अन् पुन्हा ह्यांच्याकडे तोंड. मी एकेका मशीनवर जाऊन बसली, अन् लगेच नाही उठली, कमर बोलेपर्यंत बसून राहायची. दिसायला देखणं होतं ते पहिलं, शर्यतीचं, त्याच्यावर तर मी कासवासारखी झाली. दुसऱ्याची सीट पाटासारखी. तो पोरगा घड्याळ पाहात होता. पाहू दे.

मग तो मोठ्या कौतुकानं म्हणाला, तुमचं मशीन तर इकडे आहे. दोघांचं होतं, लांबलचक, मागच्या सीटले गुबगुबीत टेका, हात गरम ठेवणाऱ्या मुठी. बसा म्हणाला, मागं. मी म्हटलं, मागं काऊन? तर तो मिस्टरांकडे पाहून हसला. सरांनी मागच्याच आठवड्यात बुक केलं, सरप्राइज आहे म्हणाला.

हे जमिनीकडे पाहात होते. ह्यांनी आयुष्यात स्नोमोबीलले हात लावला नव्हता. हे पुढं बसणार अन् मी मागं, पार्सलसारखी.

मी मराठीत बोलली, जोरात बोलली, दुकानातली माणसं थांबून पाहायला लागली. मी म्हटलं, मले न विचारता तुम्ही माझी जागा ठरवून टाकली? त्या मॅनेजरनं पण तेच केलं, ह्या पोरानं पण तेच केलं, अन् घरात तुम्ही पण?

ह्यांनी मान वर केली. मग हळूच म्हणाले, शोभा, ऑपरेशननंतर त्या दिवशी बाथरूममध्ये तू पडली होतीस तेव्हा उचललं मी तुला. तू ओरडलीस तो आवाज माझ्या कानातून जात नाही. पुन्हा नाही उचलवणार माझ्याच्यानं.

मले ते ऐकून भरून आलं. खोटं कशाले बोलू. पण राग नाही गेला. मी म्हटलं, घाबरा तुम्ही, खुशाल घाबरा. पण तुमची भीती तुम्ही वागवा, तिच्यापायी मले मागं काऊन बसवता?

मग त्या सेल्समनले मी इंग्लिशमध्ये सांगतलं, हे बुकिंग कॅन्सल कर, अन् आता माझ्याशी बोल. बोलला. एकट्याचं, उंच सीटचं काढून दाखवलं, बटणावर चालू होणारं, रिव्हर्सचं. हँडल खालीच वाटत होतं, ते वर उचलून बसवून दे म्हटलं. पुढं चालवणाऱ्याच्या पाठीले टेका बसवून मिळतो का विचारलं, तर मिळतो म्हणे, पण कोणी मागत नाही. मी मागते, म्हटलं. टेका लावून बसली, बराच वेळ बसली, अन् कमर गप्प राहिली. तेच घेतलं.

आता हा दुसरा हिवाळा. डोना पुढं, मी मागून, हळू. थोडं गेलं की उतरायचं, चालायचं, पाठ ताणायची, ती थांबते. पूर्वीसारखं दिवसभर नाही जमत, ते आता जमणारच नाही, हे मी स्वतःले सांगून टाकलं आहे. पण ते मी सांगतलं, दुसऱ्या कोणी नाही. परत येते तर हे केबिनबाहेर थंडीत उभे असतात. आत जा म्हटलं तरी जात नाहीत. आज उशीर झाला म्हणतात, मी हो म्हणते, अन् हेल्मेट काढून त्यांच्या हातात देते. रात्रभर कमर दुखते. दुखू दे.

नर्सिंग होममध्ये आता नवीन पोरी लागल्या आहेत, कोणी नेपाळच्या, कोणी आपल्याकडच्या. डोना सांगते, अजून एकेकटीच उचलतात. राग येतो, पण मी काय करू शकते इथं बसून? एवढंच म्हणते, पोरींनो, तुमची हाडं शाबूत राहोत, अन् कोणी मॅनेज करा म्हटलं तर तुम्हाले नाही म्हणता येवो.