चाकांवरचं तेल

दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक सासरे आणि त्यांची सून नंबर यायची वाट बघत होते.

"सूनबाई, मॉडेल रेल्वेच्या क्लबला फोन कर. आपलं घरातलं वाफेचं छोटं इंजिन घेऊन जा म्हणावं."

"का म्हणून, बाबा?"

"हात थरथरतो गं. एका बॉयलरखाली चाकांचे दोन संच, मधे सांधा. त्या सांध्यात तेल नेमकं पडलं नाही, तर इंजिन वळणावर रुळावरून उतरतं."

"इतक्यात उतरलंय कधी?"

"नाही."

"कसं उतरेल? तुम्ही दुपारी आडवे झालात की मी तेल घालते, इंजेक्शनच्या सुईनं."

"माहीत आहे मला. म्हणून तर म्हणतो, नेऊ दे. तुझी दुपारची झोप मोडते."

"माहीत होतं?"

"सांध्याला घालतेस ते झकास. पण चाकांनाही चोपडतेस. तेलकट चाकं रुळावर जागच्या जागी फिरतात, बाई."

"अगंबाई! मग ते चालतंय कसं?"

"तू स्वयंपाकघरात गेलीस की मी चाकं पुसतो. पुसताना हात थरथरला तरी चालतं."

"आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत!"

"बोललो असतो तर तू घाबरून हात लावायची थांबली असतीस. घरात आणखी कुणी त्याची काळजी घेतंय, याचंच मला केवढं अप्रूप."

"इंजिन कुठेही जाणार नाही, बाबा. आणि आजपासून चाकांना तेलाचा थेंब नाही."

"थोडं लाव गं. मला पुसायला काहीतरी नको का?"