झुबेदाने बोलता केलेला रेडिओ

इरफान, शबाना, वाचनालयाची मंडळी, आणि थळच्या शाळेतून एवढ्या उन्हात आलेल्या माझ्या मुलींनो,

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं होतं. मग शबानाने हात धरला. म्हणाली, "मालतीमावशी, तुम्ही नाही बोललात तर अम्मींबद्दल कोण बोलणार?" म्हणून उभी आहे. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

माझ्याआधी सगळे झुबेदाच्या मायेबद्दल बोलले. खरं आहे ते. तिच्या हातच्या सांदणांबद्दल बोलले. तेही खरं. मी मात्र आज रागावून आले आहे. शोकसभेत कुणी रागावतं का? मला माहीत नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं, असं कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवलं होतं. तेव्हा झुबेदा माझ्या शेजारीच बसली होती आणि मोठ्या गांभीर्याने मान डोलवत होती.

ती म्हसळ्याची, मी किहीमची. बोर्डिंगात आमच्या खाटा शेजारी होत्या. पलीकडच्या शाळेतली मुलं विज्ञानाच्या तासाला बिनसेलचा रेडिओ करायची. त्या वेळात आम्हाला भरतकाम. झुबेदा सुईत दोरा ओवताना कुजबुजायची, "मालू, हा दोरा तांब्याचा असता तर आपणपण काहीतरी ऐकलं असतं गो."

मग लग्नं झाली. तिचा नवरा आखातात, माझा मुंबईत. दोघींचेही वारले. डोकी पांढरी झाल्यावर ती मुलगा इरफान आणि सून शबानाबरोबर किहीमला राहायला आली, आणि एका दुपारी माझ्या ओटीवर बसून म्हणाली, "चल, तो राहिलेला तास करू या."

आम्हाला काय येत होतं? काही नाही. मोबाइलवर बघायचं, कागदावर आकृती काढायची, खोडायची. एवढंच कळलं की रेडिओच्या लहरींमध्येच थोडी ताकद असते. उंच बांधलेली लांब तार, तांब्याच्या तारेचं वेटोळं, एक बारीकसा डायोड आणि कानात घालायला इअरफोन, एवढ्यात भागतं. वीज नको, सेल नको. नियम झुबेदाने केले. सगळा खर्च एका पापलेटच्या भावात बसला पाहिजे, आणि तयार रेडिओतलं काहीही आत जाता कामा नये. बोट नाचवून म्हणाली होती, "आयतं काही घातलंस तर हराम समजेन हां!"

तिनेच म्हटलं होतं. लक्षात ठेवा.

नारळ पाडायला येणारा पांडू वाडीतल्या दोन माडांमध्ये तार बांधून उतरला आणि म्हणाला, "ताई, कपडं वालत घालाया येवढ्या उंच चढनार कोन?" झुबेदा हसून हसून खाली बसली. पाइपच्या तुकड्यावर मी तार गुंडाळायची, ती वेढे मोजायची. मध्येच मासेवालीची हाक आली की आकडा विसरायची. पुन्हा पहिल्यापासून. खजुराच्या प्लास्टिकच्या डब्यात आम्ही सगळं बसवलं. इथल्या खाऱ्या हवेत काय टिकतं? बिजागरी टिकत नाही, कात्री टिकत नाही. म्हणून तारेची टोकं घासून लख्ख केली, आणि जोडायच्या आधी मी प्रत्येक टोकाला नेलपॉलिशचा हात दिला. गंज नको म्हणून.

रेडिओ बोलला नाही. खूप दिवस बोलला नाही. मी रोज कानात घालून बसायची. शेवटी म्हटलं, फेकते उकिरड्यावर. आपल्याकडून होणार नाही. झुबेदा म्हणाली, "दे इकडे. मी घरी बघते." दोन दिवसांनी आली आणि इअरफोन माझ्या कानात घातला.

मुंबई केंद्रावरून कुणी बाई भातावरच्या किडीबद्दल बोलत होती.

मी रडले. भातावरच्या किडीबद्दल ऐकून रडलेली मी एकटीच असेन. सगळ्या किहीमला बोलावून ऐकवलं. सेल नाही, वीज नाही, आणि बोलतो बघा! झुबेदा मागे उभी राहून हसत होती. खुंटी कशीही फिरवली तरी एकच केंद्र लागायचं. मी म्हणायची, आपल्या तारेला तेवढंच पेलतं. दर आठवड्याला ती डबा घरी घेऊन जायची. "खार बसतो आत, पुसून आणते." मला वाटायचं, किती काळजी घेते!

मग थळच्या शाळेतून बोलावणं आलं. मुलींनो, तुम्ही होतात. मी तुम्हाला माझीच आकृती दिली, माझीच रीत शिकवली. आधी नेलपॉलिश, मग जोड. तुमचा एकही रेडिओ बोलला नाही. तुमच्यातली एक म्हणाली, "बाई, माजा का न्हाय बोलत?" आणि मी काय म्हणाले? "माझा बोलतो ना? मग तुझा का नाही बोलणार? लक्ष नसतं तुमचं."

झुबेदा शेवटच्या बाकावर बसली होती. तिने ऐकलं. परतताना रिक्षात एवढंच म्हणाली, "पोरींना इतकं कशाला बोललीस?" मी म्हटलं, "हात चालवायला नकोत? माझा काय आपोआप बोलला?" ती खाडीकडे बघत बसली.

मग ती गेली. सकाळी चहा करता करता गेली. आठवडाभराने माझा रेडिओही बंद पडला. मला वाटलं, तोही तिच्यासाठी मुका झाला. इतकी मी भाबडी! मग वाटलं, खार बसला असेल, आता आपणच पुसायला हवं. डबा उघडला. तळाला पुठ्ठा होता. आम्ही पुठ्ठा कधी घातला नव्हता. पुठ्ठ्याखाली बाजारातल्या छोट्या रेडिओचं आतडं, आणि दोन सेल. संपलेले. माझ्या तारा कापून बाजूला सारलेल्या.

शबानाला विचारलं. ती बिचारी रडायलाच लागली. "अम्मींनी मला अलिबागहून आणायला लावला. म्हणाल्या, मालू हरली तर पुन्हा घरात बसेल."

हरली तर! झुबेदा, तुला कुणी सांगितलं की मला हरता येत नाही? इतकी वर्षं मला ओळखून तू हेच ओळखलंस? तू मला फसवलंस ते एक वेळ सोडते. पण त्या पोरी समोर माना खाली घालून उभ्या होत्या. तुला माहीत होतं की माझा बोलत नाही. एक शब्द बोलायचा होतास. तिथे नाही, तर रिक्षात. रिक्षात नाही, तर माझ्या ओटीवर. दर आठवड्याला सेल बदलताना तुला काय वाटत होतं गं?

परवा मी तुझं ते आतडं काढून टाकलं. आपल्या तारा पुन्हा ओढल्या. हातात टोक धरलं आणि बोटाला ते गुळगुळीत लागलं. नेलपॉलिश! त्या थरातून लहरींची ताकद जाणार कुठून? ब्लेडने खरवडलं, पीळ दिला, कानात घातलं. मुंगी बोलावी एवढा आवाज. पण आपला. सेल नाही, वीज नाही. मी उठून उभी राहिले, "झुबेदा!" म्हणून मोठ्याने हाक मारली, आणि मग आठवलं.

हा दिवस आपल्या दोघींचा होता. थोडं थांबली असतीस, मला आणखी थोडं हरू दिलं असतंस, तर आपण दोघींनी मिळून तो बघितला असता. तू तो मला मिळू दिला नाहीस. मायेने नाही दिलास, पण नाही दिलास.

मुलींनो, चूक तुमच्या हातात नव्हती. माझ्या रीतीत होती. सोमवारी मी शाळेत येते. ब्लेड मी आणीन.

आणि झुबेदा, लोक वाट बघतायत की मी आता म्हणेन, तुला माफ केलं. नाही केलं अजून. करेनही कदाचित. पण आज तसं म्हणाले तर ते खोटं होईल, आणि आपल्या दोघींत एक खोटं पुरे झालं.

आता आपण सगळे उभे राहू या. कुणीतरी तो पंखा बंद करा. दोन मिनिटं काहीही बोलू नका.

खुदा हाफिज, झुबेदा.